येशूचे पुनरुत्थान: ऐतिहासिक पुरावा नेमका कुठवर पोहोचतो?

चौकस

नमस्कार. माझा एक जुना सहकारी काही वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाला. त्याच्याशी अधूनमधून चर्चा होते आणि तिच्यात तो एक मुद्दा नेहमी मांडतो. त्याचे म्हणणे असे की, इतर धर्मांत श्रद्धा आधी असते आणि तिच्यासाठी आधार नंतर शोधले जातात. ख्रिस्ती धर्म मात्र एका ठरावीक काळी, ठरावीक गावात घडलेल्या घटनेवर उभा आहे, आणि ती घटना घडली की नाही हे इतिहासातील इतर कोणत्याही घटनेसारखे तपासून पाहता येते. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे, असे खुद्द पौलाने, म्हणजे पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाने, करिंथच्या मंडळीला लिहिले आहे, हे तो आवर्जून सांगतो. स्वतःच्या धर्माला अशी कसोटी लावून घेण्याचा हा मोकळेपणा मला आवडला, म्हणूनच त्याने दिलेली दोन-तीन पुस्तके मी वाचली.

त्या पुस्तकांत काही दावे पुन्हापुन्हा येतात. येशूविषयीचा पुरावा ज्यूलियस सीझरविषयीच्या पुराव्यापेक्षा भक्कम आहे. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाची, हजारो हस्तलिखिते उपलब्ध आहेत. कबर रिकामी सापडली. आणि ज्या शिष्यांनी आपल्या साक्षीसाठी प्राण दिले, ते जाणूनबुजून रचलेल्या खोट्यासाठी मरतील हे संभवत नाही. दुसऱ्या बाजूला आंतरजालावर येशू नावाचा माणूस कधी झालाच नाही असे तितक्याच ठामपणे सांगणारे लोक भेटतात. दोन्हीकडचा आवेश पाहिला की माझ्यासारख्याने नेमके काय धरून चालावे ते समजत नाही.

माझा प्रश्न असा की, श्रद्धेचा वैयक्तिक अनुभव, चर्चचा पुढचा इतिहास आणि धर्मांतराचे राजकारण बाजूला ठेवून केवळ पुराव्याकडे पाहिले, तर इतिहासकार कुठपर्यंत खात्रीने जाऊ शकतो आणि कुठे त्याचे पाय थांबतात? प्राचीन इतिहासाचा अभ्यास असलेल्यांनी आणि स्वतः ख्रिस्ती असलेल्यांनीही लिहावे, ही विनंती.

तळटीप

प्रश्न नेमका आहे, तेव्हा सोपे भाग आधी उरकून घेतो. येशू झालाच नाही हे मत प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांत जवळजवळ कोणीही मानत नाही, आणि हे अभ्यासक सगळे ख्रिस्ती आहेत असेही नाही. बार्ट एर्मन हा अमेरिकन अभ्यासक स्वतः श्रद्धा सोडून दिलेला, पण येशूच्या अस्तित्वाच्या बाजूने त्याने संपूर्ण पुस्तक लिहिले आहे. दुसरीकडे सीझरशी केलेली तुलनाही टिकत नाही. सीझरने स्वतः लिहिलेला मजकूर आपल्याकडे आहे, त्याच्या हयातीत पाडलेली त्याचा चेहरा असलेली नाणी आहेत, आणि त्याला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या सिसरोची पत्रे आहेत. येशूने स्वतः लिहिलेली एक ओळही नाही. गालीलमधल्या एका खेड्यातल्या कारागिराबद्दल ती असावी अशी अपेक्षा करणेही चुकीचेच, पण म्हणून उलटा दावा करू नये.

हस्तलिखितांचे तसेच. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते सुमारे 5,800 आहेत हे खरे, मात्र त्यांतली बहुसंख्य नवव्या शतकानंतरची आहेत. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांपैकी एकाचा) एक पपायरसचा तुकडा आहे. जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच, सहा रुंद. त्याच्या दोन्ही अंगांना रोमन अधिकारी पिलात येशूची चौकशी करतो त्या प्रसंगातल्या काही तुटक ओळी आहेत, आणि तो साधारणपणे दुसऱ्या शतकातला मानला जातो. असा तुकडा मिळणे विलक्षण आहे. परंतु हस्तलिखितांची संख्या आणि त्यांचे वय यांवरून मूळ मजकूर आपल्यापर्यंत कितपत जसाच्या तसा आला एवढेच ठरते. त्या मजकुरात लिहिलेले खरे आहे का, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

आता ख्रिस्ती नसलेल्या लेखकांकडे वळू. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. 116 च्या सुमारास, 64 मधल्या रोमच्या आगीबद्दल लिहिताना, सम्राट नीरोने ज्यांच्यावर आळ घेतला त्या ख्रिस्ती लोकांचे नाव 'ख्रिस्तस' या माणसावरून पडले आणि त्याला सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने मृत्युदंड दिला, असे नोंदवले आहे. टॅसिटसला या पंथाची मनस्वी घृणा होती, त्यामुळे त्याने त्यांच्या सोयीसाठी काही लिहिले असण्याचा संभव नाही. मात्र ही माहिती त्याला सरकारी दप्तरातून मिळाली की रोममधल्या ख्रिस्ती लोकांच्या सांगण्यातून, हे त्याने लिहिलेले नाही. पिलाताला तो 'प्रोक्युरेटर' म्हणतो, आणि 1961 मध्ये कैसरियात सापडलेल्या शिलालेखात पिलाताचे पद 'प्रीफेक्ट' असे कोरलेले आहे. म्हणजे टॅसिटसने स्वतःच्या काळातले पदनाम मागच्या काळाला लावले. दप्तर पाहून लिहिले नसावे असा अंदाज यावरून काहीजण करतात. मला तो अंदाज जरा ताणलेला वाटतो.

सर्वांत जास्त वाद ज्यू इतिहासकार जोसीफसवरून होतो. इ.स. 93-94 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ज्यूंच्या इतिहासात त्याने येशूचा दोनदा उल्लेख केला आहे. अठराव्या खंडातला मोठा उतारा आज ज्या रूपात आहे त्यात येशू हाच ख्रिस्त (ज्यूंचा अपेक्षित तारणारा, मसीहा) होता आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत होऊन दिसला असे सरळ विधान आहे. जोसीफस आयुष्यभर ज्यू राहिला, आणि तो येशूला ख्रिस्त मानत नव्हता असे तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ऑरिजेन स्पष्ट सांगतो. त्यामुळे या उताऱ्यात नंतरच्या नक्कलकारांनी भर घातली याबद्दल फारसे दुमत नाही. मुळात काहीतरी होते आणि त्यावर रंग चढवला गेला, असे बहुतेकांचे मत आहे. विसाव्या खंडातला उल्लेख मात्र मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो जाता जाता आला आहे. इ.स. 62 मध्ये रोमन अधिकारी फेस्तस मरण पावला आणि नवा अधिकारी अल्बिनस अजून पोहोचला नव्हता, तेवढ्या अवधीत अनन या महायाजकाने सभा बोलावून 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' याकोब याला दगडमार करवला, आणि त्यापायी अननाचे पद गेले. इथे जोसीफसचा विषय अनन आहे. याकोब नेमका कोण एवढे कळावे म्हणून येशूचे नाव आले आहे.

रोमन अधिकारी प्लिनी याचे सम्राट त्राजानला लिहिलेले पत्र (सुमारे इ.स. 112) ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात असे सांगते. ते पंथाबद्दलचे साक्षीपत्र आहे, येशूबद्दलचे नव्हे.

खरा कणा पौलाच्या पत्रांचा आहे. निर्विवादपणे त्याची मानली जाणारी सात पत्रे साधारण इ.स. 50 ते 60 या दशकातली आहेत, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीची. या कालगणनेला बाहेरचा टेकूही आहे: गल्लियो हा रोमन अधिकारी करिंथ ज्यात होते त्या ग्रीसमधल्या अखया प्रांतावर केव्हा होता हे डेल्फीच्या शिलालेखावरून ठरते, आणि त्यामुळे पौलाचा करिंथमधला मुक्काम 51-52 च्या आसपास येतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, आपण यरुशलेमला जाऊन केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, पंधरा दिवस राहिलो आणि त्या वेळी प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो; त्याच परिच्छेदात आपण खोटे बोलत नाही असे तो शपथेवर म्हणतो. येशूच्या भावाला भेटलेल्या माणसाचे स्वतःच्या हातचे पत्र उपलब्ध असणे ही प्राचीन इतिहासात लहान गोष्ट नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो आपल्याला परंपरेने मिळालेली एक यादी देतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, केफाला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि शेवटी मला. पत्र साधारण 54 चे, पण यादी त्याहून जुनी. क्रूसाच्या घटनेनंतर थोड्याच वर्षांत ती ठरून गेली असावी असे श्रद्धावान आणि अश्रद्ध दोन्ही प्रकारचे अभ्यासक मानतात.

तेव्हा इतिहासकार खात्रीने म्हणू शकतो ते एवढे: येशू होता, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून (शुभवर्तमानाचा योहान वेगळा) त्याने बाप्तिस्मा घेतला, कारण गुरूला दुसऱ्याकडून पापक्षमेचा बाप्तिस्मा घेताना दाखवणे पुढच्या पिढीला अडचणीचेच होते, पिलाताने त्याला क्रूसावर चढवले, आणि फार लवकर त्याच्या काही अनुयायांची अशी प्रामाणिक खात्री झाली की तो मेल्यानंतर आपल्याला दिसला. या शेवटच्या वाक्यातल्या 'खात्री झाली' या शब्दांच्या पुढे एकट्या पुराव्याच्या बळावर जाता येत नाही, असे माझे मत आहे.

निर्मळकर

मी वसईचा कॅथलिक आहे, तेव्हा माझी बाजू उघड आहे. 'तळटीप' यांनी मांडलेल्या माहितीशी माझा वाद नाही, पण ते जिथे थांबतात तिथे थांबण्याचे कारण त्यांनी दिलेले नाही.

पौलाचे उदाहरण घ्या. पेत्राला किंवा येशूची अनुयायी मग्दालीया मरीया हिला शोकाच्या भरात गुरू दिसला असे म्हणता येईल. जवळचे माणूस गेल्यावर ते समोर दिसल्याचा अनुभव अनेकांना येतो, हे कोणी नाकारत नाही. पण पौल शोक करत नव्हता. तो या मंडळींचा छळ करत होता, आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. याकोबाबद्दल पाहा. येशूच्या हयातीत त्याच्या घरच्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे मार्क आणि योहान दोघेही सांगतात. पुढे तोच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला आणि त्यासाठी मारला गेला, ही शेवटची गोष्ट तर जोसीफसच्या साक्षीने. या दोघांच्या बाबतीत काय घडले असेल, याचे एकच स्पष्टीकरण पुरे पडावे लागते.

दुसरे असे की, त्या काळच्या ज्यू समाजात पुनरुत्थानाची कल्पना होती ती जगाच्या अंती सर्वांचे एकदम होणाऱ्या पुनरुत्थानाची. इतिहासाच्या मध्येच एकट्या माणसाने, त्यातही क्रूसावर टांगल्या गेलेल्या माणसाने उठावे, ही कल्पना कोणाच्या मनात आधीपासून तयार नव्हती. मसीहा म्हणवणारे इतर पुढारी रोमनांनी मारले, तेव्हा त्यांचे अनुयायी पांगले किंवा त्यांनी नवा पुढारी धरला. आमचा पुढारी जिवंत झाला असे कोणी म्हटले नाही. एन. टी. राइट या इंग्रज अभ्यासकाने 2003 मध्ये सुमारे आठशे पानांचा ग्रंथ याच मुद्द्यावर लिहिला. मी तो नेटाने वाचला आहे आणि त्यातला बराचसा भाग मला पटतो.

आमच्याच लोकांना सांगण्यासारखीही एक गोष्ट आहे. आमच्याकडे तुरिनच्या कफनाचे (येशूचे म्हणून मानल्या जाणाऱ्या कापडाचे) फोटो घरोघरी दिसतात, आणि ईस्टरच्या सुमारास त्याबद्दलचे व्हिडिओ फिरतात. 1988 मध्ये तीन प्रयोगशाळांनी त्या कापडाचा कालखंड इ.स. 1260 ते 1390 असा काढला. त्यावर आक्षेप घेतले गेले, पण ज्याला पुरावा म्हणून काही पुढे करायचे आहे त्याने ते कापड पुढे करू नये. याकोबाच्या नावाच्या ज्या अस्थिपेटीचा 2002 मध्ये गाजावाजा झाला, तिचेही तेच. तिच्यावरचा लेख बनावट असल्याच्या खटल्यात आरोपी 2012 मध्ये सुटला, पण तो लेख अस्सल आहे असे न्यायालयाने म्हटलेले नाही. 1968 मध्ये यरुशलेमजवळ सापडलेले येहोहानान नावाच्या माणसाचे टाचेचे हाड मात्र अवश्य सांगावे. त्यात क्रूसाचा खिळा अजून रुतलेला आहे, आणि ते हाड रीतसर अस्थिपेटीत मिळाले. क्रूसावर मेलेल्याला कबर मिळत नसे, त्याचे प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी टाकत, म्हणून येशूच्या दफनाची कथाच रचलेली आहे, असे म्हणणाऱ्यांना तो खिळा उत्तर देतो. सूर्यास्तापूर्वी ज्यू लोक क्रूसावरची प्रेते उतरवून पुरतात, असे जोसीफसनेही लिहिले आहे.

वकीलपत्र

मी दिवाणी न्यायालयात वकिली करतो, आणि या विषयावरच्या पुस्तकांत न्यायालयाच्या भाषेचा इतका सढळ वापर असतो की त्याबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. ही परंपरा जुनी आहे. हार्वर्डमधले पुराव्याच्या कायद्याचे प्राध्यापक सायमन ग्रीनलीफ यांनी 1846 मध्ये चारही शुभवर्तमानांना न्यायालयातल्या पुराव्याचे नियम लावून पाहिले, आणि जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल तर तो अस्सल समजावा, या नियमाचा आधार घेतला.

हा नियम आपल्याकडेही आहे. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून हजर झाला, तर त्यावरील सही आणि हस्ताक्षर ज्याचे म्हटले आहे त्याचेच आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. जमिनीच्या दाव्यांत आम्ही याचा रोज उपयोग करतो. पण पक्षकारांना समजावून सांगताना नेमकी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागते: दस्त खरा आहे याचा अर्थ दस्तात लिहिलेले खरे आहे असा होत नाही. आजोबांनी खरेदीखतात चतुःसीमा चुकीच्या लिहिल्या असतील, तर सही त्यांची असूनही चतुःसीमा चुकीच्याच राहतात. शिवाय शुभवर्तमाने निनावी आहेत; मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही नावे मूळ मजकुरात लेखकाची म्हणून आलेली नाहीत, ती परंपरेने जोडली गेली. मग सही कोणाची सिद्ध करायची?

प्राण देणाऱ्या साक्षीदारांचा मुद्दा मात्र मी पूर्णपणे टाकून देणार नाही. मृत्यूपूर्व जबानीला कायदा वजन देतो, कारण मरणाच्या दारात माणूस सहसा खोटे बोलत नाही, असे मानले जाते. पण त्यासाठी कोण, कुठे आणि कशासाठी मेला हे माहीत असावे लागते. याकोबाचा मृत्यू जोसीफसमध्ये आहे, जब्दीचा मुलगा असलेल्या दुसऱ्या याकोबाचा नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, पेत्र आणि पौल यांचा रोममधल्या पहिल्या शतकाच्या अखेरच्या एका पत्रात सूचित आहे. बाकीच्या प्रेषितांच्या हौतात्म्याच्या कथा बऱ्याच नंतरच्या आहेत. आणि यांपैकी कोणालाही, साक्ष मागे घेतलीस तर सोडतो, असे म्हटले गेले होते का, हे नोंदलेले नाही. तशी संधी मिळून ती नाकारली असेल तरच मरणाचा साक्षीच्या खरेपणाशी थेट संबंध जोडता येतो.

काठावरचा

निर्मळकरांची बाजू मी पाहिलेल्या मांडणींत सर्वांत चांगली आहे, पण तिच्यात एक अडचण आहे आणि ती मराठी माणसाला इतर कोणापेक्षा लवकर दिसायला हवी.

तुकोबा 1650 च्या सुमारास फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत दिसेनासे झाले. ते सदेह वैकुंठाला गेले, असे वारकरी परंपरा मानते. त्या काळाचा पुरावा आपल्याकडे किती आहे ते पाहा. त्यांचे स्वतःचे अभंग आहेत. त्यांचा भाऊ कान्होबा याचे शोकाचे अभंग आहेत. म्हणजे घरातल्या माणसाची साक्ष. विरोधकाचा भक्त झालेला रामेश्वरभट आहे, ज्याने त्यांच्यावर आरती रचली. म्हणजे पौलासारखा उलट बाजूचा साक्षीदारही. महिपतीने सविस्तर चरित्र लिहिले ते शंभरेक वर्षांनी. एवढे असूनही आपल्यापैकी बहुतेक सुशिक्षित लोक, तुकोबांवर अपार प्रेम असूनही, सदेह वैकुंठगमनाला इतिहास म्हणत नाहीत. जी कसोटी आपण देहूला लावतो तीच यरुशलेमला लावायची, की तिथे वेगळी?

हा प्रश्न काही आजचा नाही. कंपनी सरकारचा अधिकारी जॉन म्यूर याने 1839 मध्ये 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि खऱ्या धर्माच्या लक्षणांत चमत्कारांना मानाचे स्थान दिले. त्याला संस्कृतातच उत्तरे लिहिली गेली. पहिले उत्तर सोमनाथ या टोपणनावाने लिहिणाऱ्या सुबाजी बापू या महाराष्ट्रीय पंडिताचे होते, आणि पुढे काशीतल्या कोकणस्थ घराण्यातल्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांनी ऐन विशीत 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. या पंडितांचा पवित्रा आपल्याला अपेक्षित असतो त्याच्या उलटा होता. तुमचे चमत्कार खोटे आहेत, असे म्हणण्यात त्यांनी शक्ती घालवली नाही. चमत्कार आमच्याकडेही आहेत, तेव्हा त्यांवरून निवाडा होऊ शकत नाही, आणि श्रद्धेच्या आधाराशिवाय नुसता तर्क धर्माच्या बाबतीत आंधळा आहे, असे ते म्हणाले. सर्वांत गंमतीची गोष्ट अशी की, हेच नीळकंठशास्त्री 1848 मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. त्यांनी पुढे आयुष्यभर ख्रिस्ती धर्माच्या बाजूने युक्तिवाद केले आणि तरीही ते शंकांनी ग्रासलेले राहिले, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले होते: चमत्काराची साक्ष खोटी असणे हे खुद्द त्या चमत्काराहून अधिक आश्चर्याचे ठरेल, तरच ती साक्ष मानावी. ह्यूमला 1767 मध्ये रिचर्ड प्राइसने चांगले उत्तर दिले, की केवळ घटना दुर्मीळ आहे एवढ्यावरून विश्वसनीय साक्ष रद्द होत नाही, नाहीतर लॉटरीच्या निकालाची बातमीही कोणी मानू नये. ते उत्तर मला मान्य आहे. पण लॉटरी कोणाला तरी लागतेच, हे आपल्याला आधीच माहीत असते. मेलेला माणूस उठतो का, हे आपण पुरावा उघडण्याआधी किती शक्य मानतो, त्यावरच पुरावा बंद करताना आपण कुठे पोहोचणार ते ठरते, आणि ती आधीची शक्यता ठरवणारी गोष्ट यरुशलेममधल्या कोणत्याही कबरीत सापडणारी नाही.

निर्मळकर

तुकोबांचे उदाहरण प्रामाणिक आहे, म्हणून त्याला टाळत नाही. दोन्हींत फरक आहे. देहूत एक देह दिसेनासा झाला, असे परंपरा सांगते. यरुशलेममध्ये सर्वांदेखत मारलेला माणूस पुन्हा दिसला, असे लोक सांगू लागले, आणि ज्यांनी त्याला मारले त्यांच्याच शहरात सांगू लागले. साक्षीचे स्वरूप वेगळे आहे.

मात्र शेवटचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. देव आहे आणि तो इतिहासात काही करू शकतो, असे ज्याला आधीपासून वाटते, त्याला हा पुरावा पुरेसा वाटतो. ज्याला तसे वाटत नाही त्याला त्याच पुराव्यात एखादे अनुत्तरित कोडे दिसते. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे आपल्या साक्षीत लिहिले की त्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र आठ वर्षांनी सापडला. माझे पूर्वज तर पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले. त्यांच्यापैकी कोणी टॅसिटस वाचला असेल असे मला वाटत नाही.

चौकस

सर्वांचे आभार. एक गोष्ट अजून विचारतो. कबर रिकामी होती हे इतिहास मानतो का? पौलाच्या यादीत कबरीचा उल्लेख मला दिसला नाही. आणि समजा पुनरुत्थान झाले असे मानले, तरी त्यावरून येशू देवाचा पुत्र होता हे आपोआप सिद्ध होते का?

तळटीप

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे: नाही. पिंखास लापिदे या सनातनी ज्यू विद्वानाने विसाव्या शतकात जाहीरपणे मांडले की, पुनरुत्थान ही प्रत्यक्ष घडलेली घटना आहे असे आपण मानतो. तरीही येशू हा ज्यूंचा मसीहा असल्याचे त्याने मानले नाही, आणि तो शेवटपर्यंत ज्यूच राहिला. घटना आणि तिचा अर्थ यांच्यामधला टप्पा स्वतंत्र आहे, आणि तो इतिहासाच्या कक्षेबाहेर आहे.

रिकाम्या कबरीबद्दल अभ्यासकांत खरोखर दुफळी आहे. पौल 'पुरला गेला' असे म्हणतो, कबर रिकामी सापडली असे म्हणत नाही. बाजूने बोलणारे सांगतात की कबर स्त्रियांना सापडली असे चारही शुभवर्तमाने म्हणतात, आणि त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला कमी लेखत, तेव्हा कोणी मुद्दाम रचले असते तर पुरुष साक्षीदार रचले असते. हा युक्तिवाद मला बऱ्यापैकी वजनाचा वाटतो. पण सर्वांत जुने शुभवर्तमान मार्कचे, आणि सिनायटिकस व व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन मुख्य हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर संपते: स्त्रिया कबरीपासून पळाल्या आणि भीतीमुळे त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. ही गोष्ट आधीच्या चाळीस वर्षांत कोणाच्या कानावर का नव्हती, याची तजवीज लेखकाने इथे करून ठेवली, असे संशयवादी म्हणतात. उलट बाजूचे म्हणतात की, भीतीने गप्प बसलेल्या स्त्रियांवर कथा संपवणे हे बनावट लिहिणाऱ्याला सुचणारच नाही. एकच ओवी दोघांच्या उपयोगी पडते.

सहकाऱ्याशी पुढे बोलाल तेव्हा इतर कोणाची पुस्तके मध्ये न आणता चारही शुभवर्तमानांचे शेवटचे अध्याय समोरासमोर ठेवून दोघांनी मिळून वाचा, असे मी सुचवीन. कबरीवर मार्कमध्ये एक तरुण आहे, मत्तयमध्ये धोंडा लोटणारा एक देवदूत आणि त्याच्या जोडीला पहारेकरी, लूकमध्ये दोन पुरुष, आणि योहानात मरीयेला दुसऱ्या फेरीत दिसलेले दोन देवदूत. मत्तय शिष्यांना गालीलला पाठवतो, लूक त्यांना यरुशलेम सोडू नका म्हणतो. साक्षीदारांच्या तपशिलात असे फरक पडतातच, असे तुमचा सहकारी म्हणेल, आणि दंगलीच्या खटल्यांत ते पडतातही, हे 'वकीलपत्र' सांगू शकतील. पण गालील आणि यरुशलेम यांच्यामध्ये तीन-चार दिवसांची पायी वाट आहे. आणि मत्तयने गालीलमधल्या त्या डोंगरावरच्या भेटीत, अकरा शिष्य येशूला समोर पाहत असताना, काहींना संशय वाटला असेही लिहून ठेवले आहे. हे वाक्य मत्तयने का ठेवले असेल, हे सहकाऱ्याला जरूर विचारा.